पहिल्या इंटरव्ह्यूला काय घालायचं? कोल्हापुरातल्या नवख्या पोरापोरींसाठी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मे-जून आला की माझा फोन वाजायला लागतो. गावाकडची, नात्यातली, मैत्रिणीच्या चुलत भावाच्या ओळखीतली, सगळी पोरं एकच विचारतात, "ताई, इंटरव्ह्यूला ब्लेझर लागतोय काय?" नाही लागत. मे महिन्यात तावडे हॉटेलपासून एमआयडीसीपर्यंत ब्लेझर घालून वडापमधनं (शेअर जीपमधनं) यायचं म्हणजे पोचेपर्यंत माणूस उकडून निघतो आणि आत आल्यावर घाम पुसण्यातच पहिली पाच मिनिटं जातात.

मी इथल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरला आहे. त्याआधी राधानगरी तालुक्यातनं एसटीनं येऊन मीसुद्धा भरपूर इंटरव्ह्यू दिलेत, आणि माझी आई गावात शिलाईकाम करते, त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजू आणि शिलाई मशीनची बाजू अशा तिन्ही बघून झाल्यात. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, ह्या सगळ्या लेखाचा सारांश असा की पैसे ब्रँडवर घालू नका, मापावर घाला. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट पायरी ५ ला जावा.

पायरी १: समोरचा माणूस नेमकं काय बघतो ते समजून घ्या

कपड्यावरनं माणूस ओळखू नये असं सगळेच म्हणतात, आणि सगळेच ओळखतात. मी पण. हे मुद्दाम होत नाही, आपोआप होतं.

एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० सालीच हे दाखवून दिलं होतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना वेगवेगळ्या गुणांसाठी मार्क द्यायचे होते, शरीरयष्टी-टापटीप-आवाज ह्याचे वेगळे, बुद्धीचे वेगळे, नेतृत्वाचे वेगळे. पण झालं काय, ज्याला एका गोष्टीत चांगले मार्क त्याला सगळ्यातच चांगले. टापटीप दिसतोय म्हणजे हुशार पण असणार, असा हिशोब डोक्यात परस्पर लागतो. ह्याला हॅलो इफेक्ट म्हणतात.

दुसरा अभ्यास अलीकडचा, प्रिन्स्टन विद्यापीठातला, २०२० चा. त्यात चेहरे तेच ठेवले आणि खाली कपडे बदलले, एकदा जरा पैसेवाल्या घरचे वाटतील असे आणि एकदा जरा साधे. साधे म्हणजे फाटके नाहीत बरं का, फरक अगदी बारीक. तरी बऱ्यापैकी कपड्यातला तोच चेहरा लोकांना जास्त कर्तबगार वाटला. सेकंदाचा आठवा भाग एवढाच वेळ फोटो दाखवला तरी तेच, आणि "कपड्याकडं बघू नका, फक्त चेहऱ्यावरनं सांगा" असं बजावून सांगितलं तरी तेच. म्हणजे समोरचा माणूस वाईट आहे म्हणून तुम्हाला कपड्यावरनं जोखतो असं नाही, त्याला ते टाळायचं असलं तरी जमत नाही.

हे अन्यायाचं आहे का, तर आहेच. ज्याच्या घरात पैसा आहे त्याला हे मार्क फुकट मिळतात. आणि आपल्याकडं कपड्यावरनं नुसता पैसाच नाही, गाव आणि जात ओळखायची खोडसुद्धा जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना स्पष्ट सांगितलं होतं की लुगडं नेसायची पद्धत बदला आणि अंगावरचे, जात ओळखू येईल असे दागिने काढून टाका. ते स्वतः सुटाबुटात वावरायचे, आणि त्याआधी सहाच वर्षं, १९२१ मध्ये, गांधीजींनी मदुराईत सगळे कपडे उतरवून फक्त पंचा धरला होता. दोघांनाही पक्कं माहीत होतं की लोक आधी अंगावर काय आहे ते बघतात आणि मग ऐकतात. त्यामुळं "मी जसा आहे तसा जाणार" हे म्हणायला भारी वाटतं, पण पहिल्या नोकरीच्या दारात हा हट्ट परवडत नाही असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

एक सापळा: रीलमध्ये सांगतात ना, अमुक कपडे घातले की आतनं कॉन्फिडन्स येतो आणि मेंदू जास्त चालतो. २०१२ च्या एका प्रयोगात डॉक्टरचा कोट घातलेल्या लोकांचं लक्ष जास्त एकाग्र झालं असं दिसलं होतं, तिथनं हे सगळं सुरू झालं. पुढं २०१९ मध्ये तो प्रयोग जास्त लोकांवर परत करून बघितला तर तसं काही निघालं नाही. तेव्हा शर्ट समोरच्यासाठी आहे, अभ्यास तुमचा तुम्हालाच करायचाय.

पायरी २: कुठं जाताय ते आधी ठरवा, मग कपाट उघडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, कारण सगळ्या नोकऱ्यांना एकच ड्रेस चालतो असं पोरांना वाटतं.

*शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची एमआयडीसी:* फाउंड्री, मशीन शॉप, ऑटो पार्ट्स. इथं इंटरव्ह्यू झाला की बऱ्याचदा "चला, जरा शॉप फ्लोअर बघून घ्या" म्हणतात आणि तोसुद्धा इंटरव्ह्यूच असतो. फिक्या रंगाचा फुल शर्ट, गडद पॅन्ट, पुढनं बंद असलेले बूट. शर्ट कॉटनचा किंवा कॉटन जास्त असलेला घ्या, पॉलिस्टर नको, कारण ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. फाउंड्रीतल्या जुन्या माणसाला हे बरोबर कळतं, तो तुमचा शर्ट किती रुपयांचा आहे ते बघत नाही पण कापड बघतो. पोरींनी तिथं ओढणी मोकळी सोडायची नाही, लटकणारे कानातले आणि बांगड्या नकोत, केस बांधलेले हवेत. आमच्याकडं एक मुलगी कुर्ता, पॅन्ट आणि बूट घालून आली होती, आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी तिला पहिला प्रश्न विचारायच्या आधीच मान डोलावली.

*बँक, पतसंस्था, इन्शुरन्स:* इथं गिऱ्हाईक समोर बसून पैसे देणार, म्हणून भरवशाचं दिसलं पाहिजे. शर्ट इन केलेला, बेल्ट, पॉलिश केलेले काळे बूट. पोरींना साडी किंवा साधा सलवार-कुर्ता दोन्ही चालतं. टाय लागत नाही, कुठं लागत असलाच तर कॉल लेटरमध्ये लिहितात.

*शाळा-कॉलेज:* मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांसाठी ड्रेसकोडच काढला, जीन्स-टीशर्ट नको, बायकांना साडी किंवा सलवार-कुर्ता ओढणीसकट, पुरुषांना शर्ट-पॅन्ट आणि शर्ट इन केलेला. तुम्ही डेमो लेक्चरला जाणार असाल तर तोच नियम समजून चला. आणि फळ्यावर वरच्या बाजूला लिहून बघा एकदा घरी, हात वर केल्यावर शर्ट पॅन्टीतनं बाहेर येतोय का, कुर्ता किती वर जातोय. पोरं मागं बसून हेच बघत असतात.

*सरकारी ऑफिस:* डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात ऑफिसात स्लीपर नको आणि शुक्रवारी खादी घाला असं सांगितलं होतं. तिथं साधेपणा चालतो, चकाकी चालत नाही.

*पुण्याची आयटी कंपनी:* आतले सगळे टीशर्टवर असतात आणि ते बघून पोरं पण टीशर्टवर जातात. आतले आत आहेत, तुम्ही अजून बाहेर आहात. कॉलरचा शर्ट घाला. व्हिडिओ कॉलवर असेल तर खालीसुद्धा पॅन्टच घाला, चार्जर आणायला उठावं लागलं की कळतं का ते.

पायरी ३: काय काय लागतं, यादी

फार नाही. पोरांसाठी:
– फुल शर्ट २ (एक पांढरा किंवा आकाशी, एक बारीक चेक्सचा)
– पॅन्ट १ (नेव्ही, ग्रे किंवा काळी)
– बेल्ट १, बुटाच्या रंगाचा, साध्या बक्कलचा, गरुडवाला नको
– काळे किंवा ब्राऊन बूट, आणि पॅन्टच्या रंगाचे सॉक्स, घोट्याच्या वरपर्यंत येणारे
– बनियन. पातळ पांढऱ्या शर्टाखाली बनियनच्या पट्ट्या उठून दिसतात, म्हणून बाहीचा घ्या

पोरींसाठी:
– कुर्ता २, अंगाबरोबर पण अंगाला न चिकटणारे, बाही कोपरापर्यंत तरी
– सरळ पॅन्ट किंवा सलवार १, पातळ लेगिंग नको
– ओढणी घेणार असाल तर दोन सेफ्टी पिना, आणि पर्समध्ये आणखी दोन
– आवाज न करणारी चप्पल किंवा बॅली

आणि दोघांनाही: फाइल (बायोडाटाच्या तीन प्रती, मार्कलिस्ट, आधार, दोन फोटो, ओरिजिनल वेगळ्या पाकिटात), सुई-दोरा आणि एक जादा बटण, रुमाल, कंगवा. सुई-दोऱ्याला हसू नका.

पायरी ४: कापड कुठनं घ्यायचं

पहिल्यांदा घरातलं कपाट बघा. आपल्याकडं प्रत्येक घरात आहेरात आलेले पॅन्ट-शर्ट पीस वर्षानुवर्षं पडून असतात, कुणाच्या तरी लग्नात परत द्यायला म्हणून ठेवलेले. त्यातला एखादा चांगला निघतो. फक्त उजेडात नेऊन बघा, चकाकत असेल तर तो परत आहेरातच जाऊ दे. दुसरं म्हणजे कापडाचा पन्हा (रुंदी) मोजा. ५८ इंच पन्हा असेल तर फुल शर्टाला साधारण १.६० मीटर लागतं, ३६ इंच असेल तर सव्वादोन मीटर, आणि आहेराचे पीस कधीकधी तोकडे असतात. उंच पोरांनी टेलरला विचारल्याशिवाय कापायला देऊ नका.

विकत घ्यायचं असेल तर गांधीनगर. वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, ती गेल्यावर फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं तिथं वसली आणि त्यांनी हा बाजार उभा केला, आज आसपासच्या जिल्ह्यातले दुकानदार तिथनं माल भरतात. होलसेलच्या दुकानात एक-दोन पीस देत नाहीत, रिटेलवाली दुकानं वेगळी आहेत, आत शिरताना विचारा. चार मित्रांनी मिळून गेलात तर परवडतं. शहरात महाद्वार रोड आणि राजारामपुरी आहेच, पण सणाच्या तोंडावर महाद्वार रोडला जाऊन निवांत कापड बघणं हे विसरा.

आणि कापड हातात मुठीत दाबून सोडून बघा. लगेच चुरगाळलं आणि तसंच राहिलं तर प्युअर कॉटन, दिसायला सुंदर पण एसटीत तासभर बसलात की अंथरुणातनं उठून आल्यासारखं दिसतं. लांबून येणाऱ्यांनी कॉटन जास्त असलेलं मिक्स कापड घ्यावं. इस्त्री टिकते आणि घामाला पण बरं.

पायरी ५: टेलर (हे नीट वाचा)

२०१३ साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला, एकाच माणसाचे सुटातले फोटो, चेहरा धूसर केलेला, एक सूट रेडीमेड आणि एक मापानं शिवलेला. बाकी फरक जवळपास काहीच नाही. लोकांना फक्त काही सेकंद फोटो दाखवले, आणि मापाच्या सुटातला माणूस त्यांना जास्त आत्मविश्वासाचा, जास्त यशस्वी आणि जास्त पगारवाला वाटला. चेहरा न बघता! म्हणून म्हणते, हजारो रुपयांचा ढगळ ब्रँडेड शर्ट आणि साधा पण बरोबर बसलेला शर्ट ह्यात दुसराच जिंकतो.

रेडीमेड घेणार असाल तर पहिला खांदा बघा. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. ती दंडावर उतरली असेल तर शर्ट सोडून द्या, कारण बाकी सगळं अल्टर होतं पण खांदा अल्टर करणं म्हणजे शर्ट परत शिवण्यासारखंच, टेलर हो म्हणतो आणि मग बाही वर ओढली जाते. कंबर बारीक करणं, बाही तोकडी करणं, पॅन्टचा बॉटम आणि उंची हे सगळं थोडक्यात आणि कमी पैशात होतं. कॉलरचं वरचं बटण लावून आत दोन बोटं गेली पाहिजेत. कफ मनगटाच्या हाडावर. पॅन्ट बुटावर टेकली की एकच हलकी घडी पडावी, घोट्यावर गोळा झालेली पॅन्ट म्हणजे मोठ्या भावाची वाटते (असेलही, पण वाटायला नको).

शिवून घेणार असाल तर हे क्रमानं करा:

कॉटनचं कापड आधी रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, मग टेलरकडं न्या. नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं.

मापाला जाताना जे बूट आणि बेल्ट घालणार तेच घालून जावा. श्वास ओढून पोट आत घेऊ नका, टेलरला फसवून काय मिळणार. आणि तुमचा सगळ्यात चांगला बसणारा शर्ट सोबत न्या, "मापाचा शर्ट" दिला की अर्धं काम होतं.

"स्लिम फिट शिवा" एवढंच म्हणू नका. प्रत्येक टेलरचं स्लिम वेगळं. छातीच्या बटणापाशी चिमटीत किती कापड यायला हवं ते दाखवून सांगा.

आत माया (शिवणीत जादा सोडलेलं कापड) ठेवायला सांगा, विशेषतः पॅन्टच्या मागच्या शिवणीला आणि कुर्त्याच्या दोन्ही बाजूंना. नोकरी लागली आणि कॅन्टीन सुरू झालं की वजन वाढतं, माया असली तर उसवून सैल करता येतं. आई तर म्हणते माया न ठेवणारा टेलर म्हणजे गिऱ्हाईक परत येणार नाही अशी खात्री असलेला टेलर.

तारीख. इंटरव्ह्यू सोमवारी असेल तर टेलरला आधीचा बुधवार सांगा. लग्नसराई, गणपती आणि दसरा-दिवाळीला तर दोन आठवडे आधी. "उद्या नक्की" ह्या शब्दावर विश्वास ठेवून कितीतरी पोरं जुन्या शर्टवर आलेली मी बघितलीत. आणि ह्यात टेलरवर चिडून उपयोग नाही, सिझनला त्यांच्याकडं खरंच गठ्ठे पडलेले असतात.

ट्रायल तिथंच घ्या आणि उभं राहून आरशात बघून खूश होऊ नका. खुर्चीत बसा, पुढं वाका, हात वर करा, दुकानाची पायरी चढा-उतरा. बसल्यावर छातीची बटणं ताणून मधे फट पडते का हे बसल्याशिवाय कळत नाही, आणि इंटरव्ह्यू बसूनच होतो.

पोरींसाठी वेगळं: मुंढा (बाही जोडतात ती काखेजवळची गोलाई) घट्ट असेल तर हात पुढं करून फाइल देताना पाठ ताणते आणि माणूस आपोआप आखडून बसतो, मग वाटतं घाबरलीय. मुंढ्यात दोन बोटं जाऊ देत. फिक्या कुर्त्याला अस्तर लावून घ्या. साइड कट किती वर आहे ते बसून बघा. साडी नेसणार असाल तर नवी कोरी साडी त्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका, फॉल-पिको करून एकदा घरात तासभर वावरा. आणि ज्यांना साडीची सवय नाही त्यांनी केवळ चांगलं इम्प्रेशन पडेल म्हणून साडी नेसू नये, सगळं लक्ष निऱ्यांकडं जातं, उत्तरं कुठल्या कुठं राहतात.

पायरी ६: पायात काय

कोल्हापुरात राहून हा प्रश्न येणारच: कोल्हापुरी चालते काय? माझा जीव कोल्हापुरीवर आहे, कापशी असो नाहीतर कुरुंदवाडी, करकर वाजत चालायचं सुख वेगळंच. २०१९ मध्ये जीआय टॅग पण मिळालाय. पण पहिल्या इंटरव्ह्यूला नको. एमआयडीसीत सेफ्टीमुळं नको, बँकेत आवाजामुळं नको, आणि जून ते सप्टेंबर तर कुठंच नको कारण चामडं भिजलं की गेली चप्पल.

चौथं कारण जरा कडू आहे. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये अगदी आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल मॉडेलच्या पायात घातली, तेव्हा ती फॅशन झाली. (इथनं ओरड झाल्यावर त्यांनी मान्य केलं कुठनं घेतलीय ते.) तीच चप्पल गारगोटीच्या पोराच्या पायात दिसली की काही लोकांना तो "गावाकडचा" वाटतो. वस्तू तीच असते, घालणाऱ्याची पत बघून लोक तिचा अर्थ लावतात. तुमची पत अजून कागदावर आहे. नोकरी पक्की झाली की पहिल्या ट्रॅडिशनल डेला चप्पल लाईनमध्ये जाऊन झकास जोड घ्या आणि वाजवत या.

बुटाचं थोडक्यात: साधे, लेसचे, चामड्याचे किंवा चामड्यासारखे, टोकदार नकोत. नवे असतील तर आधी घरात चार दिवस घाला, लंगडत आत आलेला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. टाच झिजली असेल तर चांभारदादांकडनं बदलून घ्या, पॉलिश मागच्या बाजूला पण करा. तुम्ही बाहेर जाताना आम्हाला मागची बाजूच दिसते.

पायरी ७: पासपोर्ट फोटो

हे कुणी सांगत नाही. तुम्ही यायच्या आधी तुमचा फोटो येतो, म्हणजे पहिलं इम्प्रेशन तिथंच पडलेलं असतं. मागं पांढरा पडदा असतो तेव्हा पांढरा शर्ट घातला तर नुसतं मुंडकं तरंगताना दिसतं, म्हणून आकाशी किंवा गडद घाला. आणि स्टुडिओवाले "कोट लावू काय?" विचारतात, कॉम्प्युटरवर कोट-टाय चिकटवून देतात. नाही म्हणा. तोच निळा कोट, तोच लाल टाय, एका दिवसात सहा बायोडाटांवर बघितलाय मी, मान एकीकडं आणि कॉलर दुसरीकडं.

पायरी ८: आदली रात्र आणि ती सकाळ

नवे कपडे एकदा धुऊनच घाला, खळ निघून जाते आणि अंगावर नीट पडतात. आतला लेबलचा स्टिकर, बाहीवरचा टॅग काढलाय का बघा. इस्त्री करताना कॉलर आणि कफ आधी, बाही नंतर, बाकी शेवटी. घाई असेल तर निदान कॉलर, कफ आणि बटणपट्टी कडक करा, बसल्यावर टेबलाच्या वर तेवढंच दिसतं.

पावसाळ्यात शर्ट हँगरवर पिशवीत घेऊन या आणि टीशर्टवर प्रवास करा. बूट पण पिशवीत, पायात प्लास्टिकची सँडल. कंपनीच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवर किंवा पंपावर बदलता येतं, वॉचमनला नीट विचारलं तर तोपण खोली दाखवतो. दुचाकीवरनं येणाऱ्यांच्या पाठीवर चिखलाची रेघ उठते, मागच्या चाकाचं मडगार्ड बघून घ्या. हेल्मेट काढल्यावर कंगवा. पोरींनी स्कार्फ सोडल्यावर एकदा आरसा.

सेंट कमी. चार बाय सहाच्या खोलीत बॉडी स्प्रे मारून आलेला माणूस गेला तरी वास जात नाही. आणि मावा, गुटखा त्या दिवशी तरी बंद ठेवा राव. शर्टाकडं कुणी बघायच्या आधी दात दिसतात, आणि त्यावर कुठलाच टेलर काही करू शकत नाही.

हातातला गंडा, गळ्यातली माळ, कुंकू, टिकली, हिजाब, पगडी, ह्यातलं काहीही काढायची गरज नाही. ज्या कंपनीला त्याचा त्रास होतो तिथं पुढं पण त्रासच आहे. फक्त मशीनवर काम असेल तर लटकणारं काय असेल ते आत खोचा.

पायरी ९: नोकरी लागल्यावर

पहिल्या पगारात पाच शर्ट घेऊ नका. महिनाभर बघा आपल्या डिपार्टमेंटला, आपल्याच हुद्द्याची माणसं काय घालतात, मग घ्या. साहेबांची नक्कल करायची नाही. आमचे मालक कॉलर नसलेला टीशर्ट आणि स्पोर्ट शूज घालून फिरतात आणि सगळे म्हणतात किती साधा माणूस! ट्रेनीनं तेच केलं तर त्याला गबाळा म्हणतील. २०१४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ह्यावर अभ्यास केलाय, योगायोगानं मिलानमध्येच. तिथल्या महागड्या दुकानातल्या सेल्सवाल्यांना विचारलं की व्यायामाच्या कपड्यात आलेली बाई जास्त खरेदी करेल का भारी ड्रेस आणि फरचा कोट घालून आलेली. ते म्हणाले व्यायामाच्या कपड्यातली, कारण एवढ्या भारी दुकानात अशी यायची हिंमत पैसेवालीच करते. रेल्वे स्टेशनवरच्या साध्या बायकांना मात्र तसं वाटलं नाही. म्हणजे नियम मोडायचं कौतुक होतं, पण तुम्ही कोण आहात ते समोरच्याला आधीच माहीत असेल तरच.

आणि चार-पाच वर्षांनी तुम्ही टेबलाच्या ह्या बाजूला बसाल, तेव्हासाठी एक काम सांगून ठेवते. लेखी टेस्टचा पेपर उमेदवार आत यायच्या आधी तपासायचा आणि मार्क पेनानं लिहून टाकायचे. प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमानं विचारायचे, प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथं मार्क, शेवटी एकदम नाही. नंतर मार्क बदलावेसे वाटले तर बाजूला कारण लिहायचं, आणि "पोरगा बरा वाटला" हे कारण चालत नाही. आमच्याकडं हे सुरू केलं तेव्हा प्रॉडक्शनच्या साहेबांना ती कटकट वाटली होती, आता उमेदवार आत आला की तेच मला विचारतात, "मॅडम, पेपर तपासलाय न्हवं?"